विश्लेषण : लेदर सीटवर कव्हर घालावे का?

नव्या गाडीची डिलिव्हरी जवळ आली की शोरूममध्ये अ‍ॅक्सेसरीजची यादी पुढे सरकवली जाते. मॅट, मडफ्लॅप, दाराच्या कडांचे गार्ड, गाडी झाकायचे कापड आणि या यादीतली बहुधा सर्वांत महागडी ओळ म्हणजे सीट कव्हर. 'सीट तर लेदरच्याच आहेत ना?' असे ग्राहकाने विचारले की ठरलेले उत्तर येते, 'म्हणूनच तर कव्हर हवे, साहेब. एकदा खराब झाल्या की केवढ्याला पडतील!' मध्यमवर्गीय मनाला हा युक्तिवाद चटकन पटतो. ज्या घरात टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी असते, सोफ्यावर चादर असते आणि चांगले कप पाहुण्यांसाठी शोकेसमध्ये राखलेले असतात, त्या घरातली गाडी तरी उघडी कशी राहणार?

लेदर सीट हव्यात म्हणून वरचे व्हेरियंट घ्यायचे आणि पहिल्याच दिवशी ते लेदर झाकण्यासाठी पुन्हा पैसे मोजायचे, हा व्यवहार मुळात विचित्र आहे. पण पैशाचा हिशेब हा या प्रश्नाचा किरकोळ भाग. खरा बदल सीटमध्येच झाला आहे. आजच्या गाडीची सीट ही नुसती बसायची गादी नाही. तिच्या पाठीत एअरबॅग असते, बैठकीखाली माणूस ओळखणारा सेन्सर असतो, काही गाड्यांत हवा खेळवणारा पंखा असतो. कव्हर घालण्याची सवय मात्र अजून मारुती ८००च्या काळातली आहे.

सीट खरोखर लेदरची असते का?

बहुतेक वेळा नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या मध्यम किमतीच्या गाड्यांत ज्याला शोरूममध्ये सर्रास 'लेदर' म्हटले जाते, ते प्रत्यक्षात लेदरेट असते. म्हणजे कापडाच्या अस्तरावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर चढवून त्यावर कातड्यासारखी नक्षी उठवलेली असते. आपल्याकडे याला पूर्वीपासून रेक्झीन म्हणतात. आजचे लेदरेट जुन्या रेक्झीनपेक्षा मऊ आणि टिकाऊ असते, इतकाच फरक. कंपनीच्या माहितीपत्रकात 'लेदर'पुढे बारीक तारांकन असेल तर पानाच्या तळाशी खुलासा सापडतो.

खऱ्या लेदरच्या सीट असलेल्या गाड्यांतही सगळी सीट लेदरची असेलच असे नाही. अंग टेकते तो मधला भाग लेदरचा आणि बाजू, मागची पाठ, हेडरेस्टचा मागचा भाग रेक्झीनचा, अशी विभागणी अनेक कंपन्या करतात. खात्री करून घ्यायची तर सीटच्या खालच्या बाजूला दुमडलेली कड शोधावी. आतल्या बाजूला कापडाची वीण दिसली तर लेदरेट, केसाळ तंतू दिसले तर कातडे.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कव्हर विकताना भीती घातली जाते ती कातड्याच्या नाजूकपणाची. 'लेदरला पाणी चालत नाही, ऊन चालत नाही, ते तडकते' हे सगळे वर्णन चपलेच्या किंवा जुन्या बॅगेच्या कातड्याचे आहे. गाडीतले खरे लेदरही उघडे नसते. कमावलेल्या कातड्यावर रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर दिलेला असतो. हा वरचा थर बहुधा पॉलियुरेथेनचाच असतो. म्हणजे बसणाऱ्याचा हात लागतो तो कातड्याला नव्हे, त्यावरच्या लेपाला. चहा सांडला आणि लगेच पुसला तर तो आत मुरत नाही.

आणि यातली खरी गंमत पुढेच आहे. या सीट वाचवण्यासाठी बाजारात जी कव्हर मिळतात, त्यातली बहुसंख्य रेक्झीनचीच असतात. म्हणजे कारखान्यात बसवलेल्या रेक्झीनवर दुकानात बसवलेले रेक्झीन. रोज बसायचे ते बहुधा हलक्या प्रतीच्या मालावर, आणि चांगला माल खाली झाकलेला. तो कोणासाठी राखला जातो? गाडीच्या पुढच्या मालकासाठी.

मग कव्हरचा उपयोग काहीच नाही का?

आहे, आणि तो नाकारून चालणार नाही. गेल्या काही वर्षांत भारतीय ग्राहकाला फिकट रंगाचे इंटिरियर आवडते, असे कंपन्यांनी ठरवून टाकले आहे. छोटी गाडीही त्याने मोकळी, ऐसपैस वाटते. पण फिकट बदामी सीट आणि आपले रोजचे जगणे यांचे जमत नाही. गडद निळ्या नव्या जीन्सचा रंग उतरून सीटवर निळसर झाक चढते. गणपती आणताना मागच्या सीटवर गुलाल पडतो. डोक्याचे तेल हेडरेस्टवर उतरते. कोकणातून परतताना फणस, आंब्याची पेटी आणि ओल्या छत्र्या याच सीटवर येतात. मुलांच्या हातचे चॉकलेट आणि बुटांचे ठसे तर ठरलेलेच. हळदीचा डाग त्यातल्या त्यात बरा. हळदीतला रंग उजेडाने फिका पडतो, त्यामुळे पुसून गाडी थोडा वेळ उन्हाच्या बाजूला उभी केली तरी बराच फरक पडतो. जीन्सच्या रंगाचे तसे नाही. तो वरच्या थरात शिरून बसला की निघणे कठीण.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे आणि तो गाडीतून फिरतो, त्यांच्यासाठी मागच्या सीटवर काहीतरी अंथरणे गरजेचेच आहे, कारण नखांचे ओरखडे कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. टुरिस्ट गाड्यांचा प्रश्न तर वेगळाच. दिवसाला पंधरा-वीस प्रवासी चढ-उतार करणाऱ्या गाडीत कव्हर ही चैन नसून धंद्याचा खर्च आहे. सरकारी गाड्यांच्या सीटवर दिसणाऱ्या पांढऱ्या टॉवेलची अनेकदा थट्टा होते, पण त्यामागचा विचार व्यवहारी आहे. टॉवेल रोज काढून धुता येतो. बाजारातले घट्ट बसवलेले कव्हर वर्षानुवर्षे निघत नाही.

रोजच्या वापरात सीट सर्वांत आधी झिजते ती चालकाच्या बाजूला, दाराकडच्या उंचवट्यावर. गाडीत बसता-उतरताना अंग तिथेच घासते, पँटच्या मागच्या खिशातले पाकीट आणि किल्ल्या तिथेच रुततात. सगळ्या पाच सीटना कव्हर घालणारा मालक मुळात या वीतभर जागेसाठी खर्च करत असतो.

कव्हरखाली काय घडते?

कव्हर घातले की सीट जशीच्या तशी राहील, अशी समजूत असते. तसे होत नाही. खिडकीतून येणारी धूळ, बुटांची माती, बिस्किटांचा चुरा हे सगळे शिवणीतून आणि फटीतून कव्हरखाली जाते. बसणाऱ्याच्या वजनाने आणि हालचालीने कव्हर सीटवर सतत थोडेथोडे सरकते, आणि मधले बारीक कण पॉलिश पेपरसारखे काम करतात. उघड्या सीटवरची धूळ एका फडक्याने निघाली असती. कव्हरखालची धूळ तीन-चार वर्षे तिथेच राहते.

पावसाळ्यात दुसरी अडचण येते. ओल्या कपड्यांचे पाणी कव्हरच्या शिवणीतून खाली उतरते आणि रेक्झीनच्या दोन थरांमध्ये अडकते. मुंबई, ठाणे, कोकणपट्टी, गोवा या दमट भागांत अशा जागी बुरशी धरायला वेळ लागत नाही. गाडीतला 'एसीचा वास' म्हणून जो वास सांगितला जातो, तो काही वेळा सीटमधून येत असतो. खऱ्या लेदरला हे अधिक बाधते. आणि पॉलियुरेथेनच्या लेदरेटला उष्णता आणि ओलावा एकत्र मिळाला की त्यातले रासायनिक बंध सुटू लागतात. कपाटात ठेवलेल्या जुन्या पर्सचे पापुद्रे निघतात किंवा न वापरलेल्या बुटांचा तळ अचानक भुगा होतो, तेच हे. पर्स वापरली नव्हती, जपून ठेवली होती, तरीही ती गेली. हवा न लागता दमट राहणे हेच तिला बाधले.

पीव्हीसीच्या स्वस्त कव्हरला आणखी एक खोड असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली रसायने हळूहळू बाहेर येतात. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या काचेवर आतून जो चिकट धुरकट थर जमतो, त्यात प्लास्टिकमधून उडणाऱ्या अशा द्रव्यांचा वाटा असतो. हीच रसायने खालच्या सीटच्या लेपात शिरली तर तो लेप चिकट होतो, कधी कव्हरचा रंगही उतरून घेतो. शिवाय कव्हर ताणून बसवण्यासाठी वापरलेले तारेचे हूक सीटच्या खालच्या कापडात घुसतात ते वेगळेच.

काही जण कारखान्यातून आलेले पातळ प्लास्टिकच महिनोन् महिने ठेवतात. कव्हरचे सगळे तोटे त्यात आहेत आणि फायदा एकही नाही. नवी गाडी नवी दिसते एवढेच.

हवेशीर सीट असलेल्या गाडीचे काय?

इथे फार चर्चेची गरज नाही. मारुतीच्या एक्सएल६पासून किया सेल्टॉस, टाटा नेक्सॉनपर्यंत अनेक गाड्यांच्या वरच्या व्हेरियंटमध्ये पुढच्या सीटना बारीक छिद्रे आणि आत पंखा असतो. मे महिन्यात नागपूर किंवा जळगावला गाडी चालवणाऱ्यालाच त्याचे मोल कळते. रेक्झीनचे कव्हर घातले की ही छिद्रे बंद. पंखा फिरत राहतो, वारा कोणालाच लागत नाही. छिद्रे असलेले कव्हर घेतले तरी वरची आणि खालची छिद्रे एकमेकांवर येत नाहीत. अशा सीटवर कव्हर घालण्याचे एकही समर्थन टिकत नाही.

खरा धोका कोणता?

सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला, दाराच्या बाजूला, 'एअरबॅग' असे लिहिलेली छोटी पट्टी किंवा चिठ्ठी असते. त्या जागी शिवणीच्या आत एक घडी घातलेली एअरबॅग असते. गाडीला बाजूने धडक बसली की दारातले किंवा खांबातले सेन्सर ती ओळखतात, ही एअरबॅग सीटची शिवण फाडून बाहेर येते आणि दार व बसलेल्या माणसाची छाती यांच्यामध्ये उभी राहते.

समोरून धडक बसते तेव्हा इंजिनाचा सगळा भाग चेपला जाईपर्यंत थोडा अवधी मिळतो. बाजूने तो मिळत नाही. माणूस आणि दार यांच्यात जेमतेम वीतभर जागा असते. म्हणून बाजूची एअरबॅग साधारण १० ते २० मिलिसेकंदांत फुगावी लागते. डोळ्याची पापणी लवायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. सीटची ती विशिष्ट शिवण किती ताणाला उसवावी, कोणत्या दिशेने उसवावी, हे कारखान्यात ठरवलेले असते. तिचा धागाही वेगळा असतो.

आता या शिवणीवर दुहेरी टाक्याचे जाड रेक्झीन ताणून बसवले तर तीन गोष्टी होऊ शकतात. एअरबॅग उशिरा बाहेर येते, चुकीच्या दिशेने, म्हणजे पुढे किंवा वर जाते, किंवा कव्हरमध्येच अडकते. काही मिलिसेकंदांचा उशीरही इथे न फुगण्यासारखाच असतो, कारण तोवर दार छातीपर्यंत पोहोचलेले असते. बाजूच्या एअरबॅग असलेल्या जवळपास प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत पुढच्या सीटवर कव्हर घालू नये, अशी सूचना असते ती यामुळे. ही पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. आणि तीच गाडी देणाऱ्या शोरूममध्ये कव्हरही विकले जाते.

हा मुद्दा दहा वर्षांपूर्वी फारसा लागू नव्हता. त्या काळी बाजूच्या एअरबॅग महागड्या गाड्यांतच असत. १ जुलै २०१९पासून चालकासाठी एअरबॅग आणि पुढच्या सीटना सीटबेल्टची आठवण देणारी यंत्रणा सक्तीची झाली. २०२१पासून टप्प्याटप्प्याने शेजारच्या सीटलाही एअरबॅग आली. या दोन्ही एअरबॅग स्टीअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये असतात, कव्हरशी त्यांचा संबंध नाही. जानेवारी २०२२मध्ये केंद्र सरकारने सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा काढला, सप्टेंबरमध्ये ती मुदत वर्षभर पुढे ढकलली आणि २०२३मध्ये अशी सक्ती करणार नसल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितले. सक्ती टळली, पण बाजाराने वेगळीच वाट धरली. १ ऑक्टोबर २०२३पासून 'भारत एनकॅप' हे सुरक्षा मूल्यांकन सुरू झाले. पुण्यातील सीआयआरटी ही संस्था त्याचे काम पाहते. तारे हवेत तर बाजूच्या धडकेत माणूस वाचला पाहिजे, हे स्पष्ट झाले. त्याच महिन्यात ह्युंदाईने आपल्या सर्व मॉडेलमध्ये सहा एअरबॅग देण्याची घोषणा केली. २०२५मध्ये मारुतीच्या अल्टो के१० आणि वॅगन आरसारख्या छोट्या गाड्यांतही सहा एअरबॅग आल्या.

सहापैकी दोन समोर, दोन छताच्या कडेला पडद्यासारख्या आणि उरलेल्या दोन पुढच्या सीटच्या पाठीत. म्हणजे आयुष्यातली पहिली गाडी म्हणून अल्टो घेणाऱ्या कुटुंबाच्या सीटमध्येही आता एअरबॅग आहे. ज्या वर्गाला कव्हर घालण्याची सवय सर्वांत पक्की आहे, त्याच वर्गाच्या गाडीत हा बदल झाला आहे.

गाडीला मिळालेले तारे पाहून ती घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. भारत एनकॅपमध्ये ताशी ५० किलोमीटर वेगाने बाजूने धडक देऊन आणि ताशी २९ किलोमीटर वेगाने खांबावर बाजूने आदळवून गाडी तपासतात. ती गाडी कारखान्यातून येते तशी असते. तिच्या सीटवर गल्लीतल्या दुकानातले कव्हर नसते. कव्हर घातलेल्या गाडीचे तारे कोणीही मोजलेले नाहीत.

'एअरबॅग कम्पॅटिबल' कव्हर चालते का?

पुण्यात नाना पेठ असो की मुंबईत ऑपेरा हाऊस, दुकानदार आता स्वतःहूनच सांगतो की आपले कव्हर 'एअरबॅग कम्पॅटिबल' आहे. यात दोन प्रकार असतात. एकात कव्हरच्या बाजूला जिथे एअरबॅग येते ती जागा उघडी ठेवलेली असते. हा प्रकार समजण्यासारखा आहे, अर्थात ती खिडकी त्या गाडीच्या एअरबॅगच्या जागीच आली पाहिजे आणि कव्हर सरकून ती झाकली जाता कामा नये. दुसऱ्या प्रकारात त्या जागी कमकुवत धाग्याची शिवण असते, जी एअरबॅगच्या दाबाने उसवेल असे गृहीत धरलेले असते.

गृहीत धरणे आणि तपासणे यात अंतर आहे. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या सीटची रचनाही वेगळी असते. त्या मॉडेलच्या सीटवर ते कव्हर चढवून, एअरबॅग प्रत्यक्ष फोडून, ती किती वेळात आणि कुठे आली हे पाहिल्याशिवाय दाव्याला अर्थ नाही. गाडीच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी स्वतःच्या नावाने विकलेल्या कव्हरमागे असे काम असण्याची शक्यता जास्त. तरीही पुस्तिकेत काय लिहिले आहे ते आधी वाचावे आणि शोरूमकडून लेखी उत्तर मागावे. तोंडी 'काही होत नाही, साहेब' याला किंमत नाही. शिवण उसवेल असे सांगणाऱ्या दुकानदाराचाच कारागीर दुसऱ्या दिवशी 'जरा ढिले वाटत होते' म्हणून त्याच जागी दोन टाके जास्त मारून देतो.

सुरक्षेच्या वस्तूंवर बाजाराच्या भरवशावर राहू नये, याचे ताजे उदाहरण आहे. सीटबेल्ट न लावता त्याचा अलार्म बंद करणाऱ्या क्लिप ऑनलाइन खुलेआम विकल्या जात होत्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या विक्रीतून काढण्याचा आदेश दिला. क्लिप उघडच घातक होती, म्हणून ती डोळ्यांवर आली. कव्हर सोज्वळ दिसते.

जाड कव्हरचा शेजारच्या सीटखालच्या सेन्सरवरही परिणाम होऊ शकतो. त्या सीटवर कोणी बसले आहे की नाही, हे तो वजनावरून ओळखतो. आणि आगीचाही मुद्दा आहे. गाडीच्या आतले साहित्य किती वेगाने जळते याची आयएस १५०६१ या मानकानुसार चाचणी होते. सुट्या बाजारातले कव्हर आणि त्यातला फोम त्या चाचणीतून गेलेला असेलच असे नाही.

मागच्या सीटवर तर एअरबॅग नसते. मग तिथे अडचण काय?

अडचण बकलची. आपल्याकडच्या असंख्य गाड्यांच्या मागच्या सीटवर कव्हर असे बसवलेले असते की सीटबेल्टची बकल त्याखाली गाडली जातात. बेल्ट लोंबत असतो, पण तो अडकवायचा कुठे हे सापडत नाही. कव्हर बसवणाऱ्याला त्यात काही चुकल्यासारखे वाटत नाही, कारण मागे बेल्ट लावणारा ग्राहक त्याला क्वचितच भेटलेला असतो. टॅक्सीत बसून बेल्ट शोधणाऱ्या प्रवाशाला चालक हसून सांगतो, 'मागे नाही लागत.'

लागतो. कायद्यानेही लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार बेल्ट न लावल्यास १००० रुपये दंड आहे, आणि १४ वर्षांखालील मुलांना बेल्टने किंवा मुलांसाठीच्या खास सीटमध्ये सुरक्षित बसवणे ही चालकाची जबाबदारी आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर काही आठवडे मागच्या बेल्टची देशभर चर्चा झाली. कव्हरखाली गेलेली बकल मात्र बहुतेक गाड्यांत तशीच राहिली.

लहान मुलांची सीट ज्या आयसोफिक्स कड्यांना अडकवतात, त्याही मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत असतात. घट्ट कव्हरने ती फट बंद होते. वर घसरड्या रेक्झीनवर ठेवलेली बेबी सीट बेल्टने आवळली तरी हलत राहते. मूल बसवल्याचे समाधान मिळते, पण सीट जागेवर धरलेली नसते.

कव्हर नाही, तर सीट जपायची कशी?

खर्च अगदी थोडा आहे. आठवड्यातून एकदा फटीतली धूळ व्हॅक्यूमने काढणे, महिन्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडे करणे, इतके बहुतेक गाड्यांना पुरते. डाग सुकण्याआधी पुसला तर निम्मे काम झालेले असते. नव्या जीन्स दोन-तीनदा धुतल्याशिवाय फिकट सीटवर बसू नये. उन्हात उभी करताना पुढच्या काचेला सनशेड लावावा, कारण लेदर असो की लेदरेट, त्याला सर्वांत जास्त मारते ते ऊन.

लेदर कंडिशनरच्या बाटलीवर पैसे घालवण्याआधी सीट कशाची आहे ते पाहावे. लेदरेटला कंडिशनर म्हणजे प्लास्टिकच्या बादलीला तेल लावण्यासारखे आहे. लेप दिलेल्या खऱ्या लेदरमध्येही ते फारसे आत जात नाही, त्यापेक्षा स्वच्छता जास्त कामाची. खोबरेल तेल किंवा बुटांचे पॉलिश लावण्याचा घरगुती उपाय तर टाळावाच. चकाकी दोन दिवस टिकते, धूळ मात्र दुप्पट चिकटते.

गुलाल, कुत्रा, आंब्याच्या पेट्या अशा प्रसंगांसाठी डिकीत एक जाड सुती चादर ठेवावी. मागच्या सीटवर अंथरायची, बकल वर काढून घ्यायची आणि घरी आल्यावर धुवायला टाकायची. पुढच्या सीटना बाजू न झाकणारी, फक्त बैठकीवर टाकायची पातळ गादी चालू शकते, पण ती घसरणारी नसावी आणि खाली सेन्सर किंवा पंखा असेल तर तीही नको.

गाडी जुनी असेल, तिच्या सीटमध्ये एअरबॅग नसेल, तर कव्हर घालणे हा मालकाच्या आवडीचा विषय. सीट फाटलीच असेल तर तेवढाच भाग कुशनवाल्याकडून नव्याने शिवून घेता येतो आणि तो सगळ्या गाडीच्या कव्हरपेक्षा स्वस्त पडण्याचा संभव असतो. एअरबॅग असलेल्या सीटची बाजू मात्र रस्त्यावरच्या कारागिराकडे उसवायला देऊ नये. सीट खोलताना तिच्याखाली पिवळ्या रंगाचा वायरचा जोड दिसतो, तो एअरबॅगचा असतो. तो काढून गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो, आणि तो दिवा लागलेला असताना एअरबॅग फुगेल याची हमी नसते. कव्हर बसवून गाडी परत घेताना हा दिवा सुरू होऊन विझतो का, हे किल्ली फिरवून दुकानातच पाहावे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी कव्हरवर भुलू नये. चकचकीत कव्हर ही अनेकदा गाडी विकण्याच्या आदल्या आठवड्यातली खरेदी असते. सौदा पक्का करण्याआधी ते एका कोपऱ्यातून उचलून खालची सीट पाहावी, बुरशीचा वास येतो का ते पाहावे, आणि मागे बसून तिन्ही बेल्ट एकेक करून बकलमध्ये अडकवून पाहावेत.